काळ्या ओढ्याला किती एकर लागतात?

शहराचं सांडपाणी आणि कापड धुण्या-रंगवण्यातून निघालेलं पाणी पोटात घेऊन इचलकरंजीचा काळा ओढा पंचगंगेला मिळतो. पुढे नदी तेरवाडच्या बंधाऱ्याला अडते आणि तिथून नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. उन्हाळ्यात तेरवाडला मासे तरंगल्याच्या आणि नदी केंदाळाने भरल्याच्या बातम्या शिरोळ तालुक्यात आता कुणाला नव्या वाटत नाहीत. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा पाण्याचा प्रश्न थेट घराघरातल्या माठापर्यंत पोचला. पंचगंगा काठावर असून शहराने पाण्यासाठी कृष्णेकडे, मग वारणेकडे, मग दूधगंगेकडे पाहिलं. त्या त्या काठच्या गावांनी विरोध केला, त्याचा इतिहास वेगळा लिहावा लागेल.

या सगळ्यात एक सूचना हमखास येते : ओढ्यात झाडं लावा, पाणी आपोआप साफ होतं. सूचना खोटी नाही. पण 'आपोआप' हा तिच्यातला कच्चा भाग आहे. कुठली झाडं, किती जागेत, कुठल्या पाण्यावर, कुठल्या महिन्यात आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे ठरवणं म्हणजे निसर्गाधारित पायाभूत सुविधांचा आराखडा. या विषयावर पीएच.डी. होतात, आणि एकेका प्रश्नाच्या उत्तरासाठी वर्ष-दीड वर्ष खर्ची पडतं. असं संशोधन नेमकं कसं चालतं, हे काळा ओढा समोर ठेवून पायरीपायरीने पाहू.

आधी व्याख्येचा भाग उरकून टाकू. पूल, गटार, बांध, शुद्धीकरण केंद्र ही पायाभूत सुविधा. त्यातलं काम सिमेंट आणि मोटरीऐवजी माती, पाणी, मुळं आणि जिवाणूंकडून करून घेतलं, आणि ते मोजून-मापून, हमी देता येईल अशा रीतीने करून घेतलं, तर ती निसर्गाधारित सुविधा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च 2022 मध्ये 'निसर्गाधारित उपाय' या व्यापक संकल्पनेची अधिकृत व्याख्या मान्य केली. कल्पना मात्र जुनी आहे. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे साडेबारा हजार हेक्टर पाणथळ जमिनीत शहराचं सांडपाणी मत्स्यतळ्यांत सोडून मासे पोसले जातात. 2002 मध्ये त्या जागेला रामसर दर्जा मिळाला, आणि ध्रुबज्योती घोष या अभियंत्याने तिच्यासाठी आयुष्य घालवलं. जर्मनीत केटे झायडेल यांनी 1950च्या दशकात वेत-लव्हाळ्यांच्या कुंड्यांतून घाण पाणी सोडून पाहायला सुरुवात केली. आजच्या 'बांधीव पाणथळी'चं मूळ तिथे आहे. आपल्याकडे नागपूरच्या नीरी संस्थेचं फायटोरिड आणि पुण्याच्या संदीप जोशी यांनी उदयपूरच्या आहड नदीवर उभा केलेला ग्रीन ब्रिज ही याच घराण्यातली कामं.

बांधीव पाणथळ म्हणजे काय, हे उभा छेद घेतला की चटकन कळतं. साधारण साठ सेंटिमीटर खोल खड्डा. तळाला आणि कडेला मातीचा घट्ट थर किंवा जाड प्लॅस्टिकचं अस्तर, म्हणजे घाण पाणी भूजलात जाणार नाही. आत खडी : पाणी येतं त्या टोकाला मुठीएवढी, मधल्या लांब पट्ट्यात बोटाच्या पेराएवढी, आणि बाहेर पडतं तिथे पुन्हा मोठी. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून वाहतं, म्हणून वरून चालत गेलं तरी पाय भिजत नाही आणि डासही होत नाहीत. वर नळ (हे उंच गवत), पाणकणीस, वाळा किंवा कर्दळ लावलेली. बाहेरच्या टोकाला एक कोपर बसवलेला नळ असतो. तो वर-खाली फिरवला की आतली पाण्याची पातळी बदलते. सगळ्या यंत्रणेतला हलणारा भाग म्हणायचा तर तो एवढाच.

पाणी साफ कोण करतं? लोक झाडांकडे बोट दाखवतात. खरं काम खडीच्या प्रत्येक दाण्यावर बसलेल्या जिवाणूंच्या बुळबुळीत थराचं असतं. झाड स्वतःच्या वाढीसाठी नत्र-स्फुरद उचलतं, पण सांडपाण्यातल्या एकूण घाणीच्या मानाने तो वाटा लहान. झाडाचा खरा उपयोग वेगळाच आहे : मुळं खडीत वाटा मोकळ्या ठेवतात, मुळांच्या टोकाशी थोडा प्राणवायू झिरपवतात, आणि त्या टोकाभोवती वेगळ्या जातीचे जिवाणू वस्तीला येतात. म्हणून प्रत्येक नीट केलेल्या प्रयोगात एक वाफा झाडांविना ठेवलेला असतो. तीच खडी, तेच पाणी, पण झाड नाही. त्या ओसाड वाफ्यातून बाहेर पडणारं पाणीही बरंच साफ निघतं, आणि ते पाहून नव्या विद्यार्थ्याचा थोडा हिरमोड होतो. दोन वाफ्यांतला फरक हेच झाडाच्या कामाचं माप.

आता पाण्याकडे वळू. खरी गुंतागुंत तिथे आहे, आणि ती इचलकरंजीची स्वतःची आहे.

1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग चालवला, असं गावाचा इतिहास सांगतो. माग नुसता फिरला तर पाणी फारसं लागत नाही. पाणी लागतं ते आधी आणि नंतर. मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ लावावी लागते. ते काम सायझिंगमध्ये होतं. विणून झाल्यावर प्रोसेसमध्ये ती खळ धुऊन काढतात, मग ब्लीच, मग रंग. खळ बहुतेक स्टार्चची. स्टार्च म्हणजे जिवाणूंचं अन्न, ते पाण्यात गेलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. तेरवाडला मासा मरतो तो बहुतेकदा विष पिऊन मरत नाही, गुदमरून मरतो. हे पाणी खडीच्या वाफ्यात सोडलं तर तेच जिवाणू तेच स्टार्च खातात, फक्त आपल्या सोयीच्या जागी. म्हणजे खळीचं पाणी हे पाणथळीसाठी चांगलं गिऱ्हाईक.

रंगाचं तसं नाही. सुती कापडाला लागणारे रिॲक्टिव्ह रंग बव्हंशी ॲझो जातीचे. त्यांच्या रेणूत दोन नत्र-अणूंची एक जोडी असते आणि रंग दिसतो तो तिच्यामुळे. प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू ही जोडी तोडतात, आणि पाणी फिकं पडतं. इथे टाळ्या वाजवून थांबणारे पुष्कळ आहेत. पण जोडी तुटल्यावर जे तुकडे उरतात ते ॲरोमॅटिक अमाइन, आणि त्यातले काही मूळ रंगापेक्षा घातक. त्यांना पुढे मोडायला प्राणवायू लागतो. म्हणजे एकाच पाण्याला आधी गुदमरलेली जागा हवी आणि मग हवेशीर. म्हणून रंगाच्या पाण्याला दोन वाफे एकामागोमाग द्यावे लागतात. पहिला आडवा, कायम भरलेला, आत प्राणवायू जवळजवळ नाही. दुसरा उभा : पाणी वरून ठरावीक वेळाने एकदम ओतायचं, ते खडीतून खाली निथळतं आणि मागोमाग हवा आत ओढली जाते. नुसतं पाणी पांढरं झालं म्हणून 'शुद्ध' असा शिक्का मारणाऱ्या प्रकल्पांकडे संशयाने बघावं, हे मी स्वच्छ सांगतो.

या वाटेवर कोल्हापुरात आधीच मोठं काम झालेलं आहे. शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात प्रा. संजय गोविंदवार यांच्या गटाने कापडाच्या रंगांचं विघटन जिवाणू आणि वनस्पतींकडून करून घेण्यावर अनेक वर्षं संशोधन केलं. त्यात पाणकणीस होतं तशीच बागेतली साधी फुलझाडं होती : झेंडूच्या जातीची, ॲस्टर, गॅलार्डिया, चिनी गुलाब. पानात, मुळात कुठली विकरं वाढतात, रंगाचा रेणू कुठे तुटतो, उरलेल्या तुकड्यांचा विषारीपणा किती, हे त्यांनी तपासलं. प्रयोगशाळेतल्या बाटलीपासून उघड्यावर लांब चर खणून त्यात झाडं वाढवण्यापर्यंत हे काम गेलं. यातून जीवशास्त्राचं उत्तर मिळालं : होय, हे झाड हा रंग मोडू शकतं. अभियांत्रिकीचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दिवसाला दहा लाख लिटर आलं तर किती झाडं, किती खडी, किती जमीन?

आता समजा, एक विद्यार्थिनी हा पुढचा प्रश्न घेऊन नाव नोंदवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांनुसार तिला किमान तीन आणि साधारण सहा वर्षं मिळतात. आधी कोर्सवर्क, मग दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. नळ आणि पाणकणसाला खडीत मुरून दाट व्हायला दोन हंगाम लागतात, हे समितीला ठाऊक असतंच असं नाही. त्यामुळे शहाणी विद्यार्थिनी साहित्याचा आढावा लिहीत बसण्याआधी वाफे बांधून रोपं लावून टाकते.

दरम्यान ओढ्याचं पाणी मोजायचं. सकाळी दहाला जाऊन एक बाटली भरून आणली, तर ती बाटली सकाळी दहाचंच सांगते. प्रोसेसमध्ये रंगाची एक खेप संपून दुसरी लागली की ओढ्यातला रंग, आम्लता, उष्णता सगळं बदलतं. म्हणून चोवीस तास दर तासाला नमुना घ्यायचा, सोबत प्रवाह मोजायचा, आणि प्रवाहाच्या प्रमाणात नमुने एकत्र करायचे. रात्री दोनला बादली सोडणारा माणूस लागतो. बर्फाच्या पेटीतून नमुने प्रयोगशाळेत. तिथे बीओडी, म्हणजे जिवाणू हे पाणी खाताना किती प्राणवायू फस्त करतील त्याचं माप. परदेशी पुस्तकांत ही चाचणी 20 अंशांवर पाच दिवसांची असते, आपल्याकडे 27 अंशांवर तीन दिवसांची. दोन आकडे शेजारी ठेवताना हे विसरलं तर तुलना फसते. कापड उद्योगासाठी 2016 मध्ये ठरलेल्या मर्यादा भिंतीवर लावून ठेवायच्या : बीओडी लिटरला 30 मिलिग्रॅम, सीओडी (रसायनांनी मोजलेली प्राणवायूची मागणी) 250, विरघळलेले क्षार 2100, रंग 150 एकक.

वाफा बांधून झाला की पहिला प्रश्न असा : आत पाणी खरोखर आपल्या मनासारखं वाहतं का? आकडेमोडीने पाणी अडीच दिवस आत थांबायला हवं. प्रत्यक्षात ते कुठल्यातरी कडेने वाट काढून अर्ध्या दिवसात बाहेर येत असेल, तर बाकीची खडी फुकट गेली. हे तपासायला आत येणाऱ्या पाण्यात एकदाच काहीतरी ओळखता येणारं टाकतात आणि बाहेरच्या टोकाला ते कधी, किती दिसतं ते मोजत बसतात. आळंदीहून एकाच वेळी निघालेली दिंडी पुढे पांगत जाते, काही पुढे, बरेचसे मध्ये, काही पार मागे, तसाच हा आलेख निघतो. सगळे मधल्या घोळक्यात असले तर वाफा चांगला. एक टोळकं फार लवकर पोचलं तर आत चोरवाट आहे.

आता इथली अडचण बघा. जगभर या चाचणीला स्वस्त म्हणून साधं मीठ वापरतात आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. इचलकरंजीच्या पाण्यात मीठ आधीच इतकं असतं, आणि तासातासाला बदलतं, की आपण टाकलेलं मीठ त्यात हरवून जातं. मग चमकणारा रंग टाकावा, तर पाणी आधीच रंगीत. शेवटी लिथियम किंवा ब्रोमाइडसारखं, या पाण्यात एरवी फारसं नसलेलं काहीतरी निवडावं लागतं आणि त्याच्या मोजणीसाठी दुसऱ्या प्रयोगशाळेच्या दारात उभं राहावं लागतं. पुस्तकातली रीत स्थळ बदललं की अशी मोडते, आणि तिला जागेवर पर्याय शोधणं हे पीएच.डी.तलं खरं काम. प्रबंधात त्याला दोन परिच्छेद मिळतात.

पुढची पायरी गणिताची. ती न घाबरता वाचावी, कारण सगळा व्यवहार इथेच ठरतो. वाफ्यात घाण ज्या वेगाने कमी होते तो वेग शिल्लक घाणीच्या प्रमाणात असतो : घाण जास्त, तर वेगही जास्त. यातून निघणारं वाफ्याच्या क्षेत्राचं सूत्र असं : दिवसाचं पाणी गुणिले, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या बीओडीच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम, भागिले वाफ्याचा वेगांक. उदाहरणापुरते आकडे घेऊ. रोज दहा लाख लिटर, म्हणजे महापालिकेच्या भाषेत एक एमएलडी. गाळ बसवून झाल्यावर बीओडी 150, बाहेर हवा 30. गुणोत्तर 5, त्याचा लॉगॅरिदम 1.61. वेगांक दिवसाला 0.15 मीटर धरला, तर क्षेत्र येतं सुमारे 10,700 चौरस मीटर. इकडच्या मापात दोन एकर सव्वीस गुंठे. खोली 0.6 मीटर, खडीतली पोकळी चाळीस टक्के, म्हणजे आत पाणी मावतं सुमारे 25 लाख 70 हजार लिटर. रोज दहा लाख येतं, तेव्हा मुक्काम अडीच दिवसांच्या थोडा वर.

या सूत्रात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक, 150चे 50 करायला जितकी जमीन लागते तितकीच 50चे 17 करायला लागते. घाण तिसऱ्या हिश्शावर आणण्याची किंमत दर वेळी तीच. म्हणून 'आणखी थोडं साफ करा' हे वाक्य बैठकीत स्वस्त वाटतं आणि सातबाऱ्यावर महाग पडतं. दुसरी, वेगांक हा पुस्तकातून उचलायचा आकडा नाही. पाणी 28 अंशांवरून 20 वर आलं की तो एक तृतीयांशाहून अधिक घसरतो. खळीचं पाणी किती, रंगाचं किती, यावर तो बदलतो. युरोपातला आकडा घेऊन इचलकरंजीत वाफा बांधला तर तो कधी उगाच मोठा होईल, कधी अपुरा. दोन वर्षं दर पंधरवड्याला आत-बाहेरचं पाणी मोजून या गावच्या पाण्याचा, या गावच्या हवेतला वेगांक काढणं : एका ओळीत सांगायचं तर प्रबंध हाच आहे.

मोजमाप करताना मे आणि जुलै हे दोन महिने संशोधकाला फसवतात. जुलैत पाऊस वाफ्यावर पडतो, बाहेरचं पाणी पातळ होतं आणि कागदावर शुद्धीकरण झकास दिसतं. मेमध्ये उलट. ऊन आणि झाडांची पानं मिळून दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडवून लावतात असं धरा. आपल्या 10,700 चौरस मीटरवर ते झालं सुमारे 86 हजार लिटर. आत दहा लाख आलं, बाहेर नऊ लाख चौदा हजार गेलं. पाणी उडालं, मीठ मागे राहिलं. आत येताना क्षार लिटरला 2000 मिलिग्रॅम होते, तर बाहेर जाताना 2190च्या आसपास. मर्यादा 2100. म्हणजे मर्यादेत आलेलं पाणी पाणथळीतून गेल्यामुळे मर्यादेबाहेर जातं! म्हणून नुसती तीव्रता मोजून भागत नाही. आत किती किलो गेलं आणि बाहेर किती किलो आलं, असा जमाखर्च मांडावा लागतो. तो न मांडलेले शोधनिबंध मी बाजूला ठेवतो.

आणि हे मीठ येतं कुठून? रिॲक्टिव्ह रंग कापडावर चढायला डायबाथमध्ये, म्हणजे रंगाच्या हौदात, लिटरमागे 40 ते 80 ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट टाकतात. ते कापडात राहत नाही, जवळपास सगळंच पाण्याबरोबर बाहेर येतं. नळ, वाळा, कर्दळ, जिवाणू, कुणालाही ते खाता येत नाही. इथे पाणथळ हात टेकते, आणि हे मान्य करूनच पुढचा आराखडा करावा. पहिल्या गडद डायबाथचं पाणी कारखान्याच्या आतच वेगळं काढायचं आणि त्याला यांत्रिक प्रक्रियेचा, झिल्ली आणि बाष्पीभवनाचा रस्ता दाखवायचा. नंतरच्या धुण्याचं फिकं पाणी, खळीचं पाणी आणि घरगुती सांडपाणी ओढ्याकाठच्या वाफ्यांकडे. एका नळात सगळं ओतून शेवटी झाडांवर सोपवायचं, हा मार्ग माझ्या मते चुकीचा आहे. कमी मिठात चढणारे रंग वापरले तर जितका फायदा होईल तितका दहा एकर नळ लावून होणार नाही. निसर्गाधारित आराखड्याचा बराच भाग असा प्रोसेसच्या आतच घडतो, तिथे एकही झाड नसतं.

खळीच्या पाण्याचा एक त्रास वर सांगायचा राहिला. त्यात कापसाचं तंतू-तंतू सूत असतं. स्टार्चचा चिकटा आणि सूत मिळून वाफ्याच्या तोंडाशी असलेली खडी बुजते. पाणी खालून वाहायचं सोडून वर तुंबतं आणि दुर्गंधी सुटते. हे टाळायला आधी बारीक जाळी आणि गाळ बसायला टाकी हवीच. तुंबारा कुठे सुरू होतो, महिन्याला किती पुढे सरकतो, हेही विद्यार्थिनी खुंट्या रोवून मोजते, कारण खडी कितव्या वर्षी उपसून धुवावी लागेल ते यावरूनच सांगता येतं.

राहिली जमीन. वीस एमएलडी पाण्याला वरच्या हिशेबाने त्रेपन्न एकर होतात, आणि इचलकरंजीत शहरालगत एवढी सलग जागा मागणं म्हणजे बोलणंच खुंटलं. उभे वाफे थोड्या जागेत जास्त काम करतात, पण त्यांना पाणी उचलून ओतावं लागतं. म्हणून एक मोठी पाणथळ शोधण्यापेक्षा ओढ्याच्या लांबीवर, जिथे जिथे नाला येऊन मिळतो तिथे छोटे वाफे, आणि शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला शेवटचा हात, असा विचार करावा लागतो. मोकळी जागा मिळते ती बहुतेक नदीकाठी, निळ्या पूररेषेच्या आत, कारण तिथे इमारत बांधता येत नाही. पाणथळीला तिथे बंदी आड येण्याचं फारसं कारण नाही, पण पंचगंगा आहे. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याशी 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका, 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. असा पूर वाफ्यावर आठवडाभर बसला तर नळ आणि पाणकणीस मरत नाहीत, ती मुळात अशा जागेचीच झाडं. पण पूर ओसरताना मागे ठेवलेला काळा गाळ खडीत शिरला की वाफा बसला. म्हणून वाफ्याभोवती बांध किती उंच, त्यावरून पाणी जाणारच असेल तर कुठल्या बाजूने आत घ्यायचं म्हणजे गाळ आधीच्या तळ्यात बसेल, आणि पुरानंतर काम पुन्हा सुरू व्हायला किती दिवस, हा स्वतंत्र प्रकरणाचा ऐवज.

नदीतलं केंदाळही शेवटी नत्र-स्फुरद शोषतंच, मग ते चांगलं का नाही, असा प्रश्न दर व्याख्यानात येतो. फरक कापणीचा आहे. नदीवर पसरलेलं केंदाळ पाण्यात उजेड आणि हवा पोचू देत नाही, आणि तिथेच कुजून घेतलेलं सगळं परत देतं. वाफ्यातला नळ वर्षातून एकदा, पावसाळा संपून पाणी उतरल्यावर, कापून बाहेर न्यायचा असतो. तो जनावरांना घालायचा नाही, कारण रंगांतली जस्त-तांब्यासारखी धातूद्रव्यं त्यात किती उतरली हे आधी तपासावं लागतं. कापणी, जाळी धुणं, कोपर-नळ फिरवून पातळी बदलणं, तुंबारा बघणं, यासाठी एक एमएलडीच्या वाफ्यावर रोज एक माणूस काही तास आणि कापणीला टोळी लागते. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात विद्यार्थिनी या माणसाच्या पगाराचा आणि विजेवर चालणाऱ्या केंद्राच्या बिलाचा हिशेब शेजारी शेजारी मांडते. विजेचं बिल भरलं नाही तर ते केंद्र त्याच दिवशी थांबतं. माणूस नेमला नाही तर वाफा दोन वर्षं तसाच चालू दिसतो आणि तिसऱ्या वर्षी तुंबतो, म्हणून देखभालीची रक्कम बांधकामाच्याच निविदेत पाच वर्षांसाठी धरावी, अशी शिफारस तिला लिहावी लागते.